मुद्दलावर पडलेली चिल्लर

पुण्यातील हिंगणे बुद्रुक या जुन्या गावाला ज्यांच्यामुळे कर्वेनगर हे नाव मिळाले, त्या महर्षी कर्व्यांनी लहानलहान वर्गण्यांवर संस्था उभ्या केल्या. आज त्याच परिसरात वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या कुटुंबांना तो चिकाटीचा हिशेब परका वाटावा, हे नवलच. ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये होतो आणि पहिल्या हप्त्यातील तब्बल २८,३३३ रुपये केवळ व्याजात जातात; म्हणून सुरुवातीच्या वर्षांतील अंशतः परतफेड, म्हणजे हप्त्याखेरीज थेट मुद्दलात भरलेली रक्कम, सर्वाधिक फलदायी ठरते. घरचा डबा, दुचाकीऐवजी पीएमपीची बस आणि रविवारच्या हॉटेलवारीला दिलेली रजा यांतून दरमहा २,००० रुपये वाचवून पहिल्यापासून मुद्दलात भरले आणि दर तोच राहिला, तर कर्ज सुमारे अडीच वर्षे आधी फिटते व व्याजाचे सुमारे साडेसहा लाख रुपये वाचतात (पुणेकरांच्या काटकसरीवर विनोद करणाऱ्यांनी हा आकडा जपून ठेवावा). फिरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकांनी मुदतपूर्व फेडीचा दंड आकारू नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच दिलेला आहे. व्याजावरील करसवलतीसाठी कर्ज रेंगाळत ठेवणे हा शुद्ध भाबडेपणा होय, कारण वाचणारा कर हा भरलेल्या व्याजाचा केवळ एक अंश असतो. मात्र मुद्दलात अशी जादा रक्कम भरताना हप्ता नव्हे, तर मुदत कमी होईल, याची बँकेकडून खात्री करून घ्यावी.