आधी रक्त पाहा, मग स्वभाव ठरवा



मूल चिडचिड करू लागले, सांगितलेले विसरू लागले, अभ्यासाला बसेना, की आपल्याकडे निकाल तयारच असतो. आजी म्हणते नजर लागली, शाळा म्हणते मोबाइल, आणि एखादे जाणते गृहस्थ म्हणतात, ज्ञानावरणीय कर्माचा उदय! मुलाच्या वाट्याला मात्र धपाटा येतो.

कर्म मीही मानते. पण उदयाला निमित्त लागते, हेही आपणच शिकवतो ना? मग ते निमित्त रक्तात असेल तर शोधायचे नाही, असे कोणत्या आगमात लिहिले आहे?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुले यांचा अभ्यास केला. बहुसंख्य आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. ज्यांचे सर्वांत कमी होते, त्यांची मुले ९ वर्षांची झाल्यावर एकाग्रतेच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. बुद्धीच्या चाचणीत मात्र फरक नव्हता. म्हणजे मूल 'ढ' नव्हतेच!

आपल्याला हे लागू नाही असे म्हणू नका. बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसतेच. "आमच्याकडे दूधतूप भरपूर," हे उत्तर पुरत नाही. तुपात ते नसल्यासारखेच, आणि चहापुरत्या दुधाने भागत नाही. हिमोग्लोबिन ठीक असले तरी बी-१२ कमी असू शकते.

गोळी घेतली की शाकाहार हरला, हा आणखी एक खोटा अभिमान. औषधातले बी-१२ मांसातून काढत नाहीत, जिवाणूंच्या मदतीने आंबवून बनवतात. दही लावताना आपण वेगळे काय करतो? कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते, म्हणून साधी गोळी मागा.

रक्ताचा कागद म्हणजे सर्वज्ञाची वाणी नव्हे, हेही खरे. अतिचंचलता किंवा स्वमग्नता ठरवणारी रक्ततपासणी आजही नाही. तशी हमी देऊन हजारोंचे पॅकेज विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. घरातली भांडणे, शाळेतला मार, अपुरी झोप यांचा आकडा कोणत्याच अहवालात येत नाही.

पण बी-१२ आणि लोह तरी पाहा. उत्रोलीहून भोर काही लांब नाही. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, तेव्हा वाढीतला उशीर आणि वागण्यातला बदल लपवू नका, सांगा. गरोदर सुनेचे बी-१२ तर आधीच तपासा, उपाय तिथूनच सुरू होतो.

मुंगी वाचवायला आपण खाली बघून चालतो. मग कारण न शोधता लेकरावर हात उगारणे, ही हिंसा नव्हे तर काय?