निर्मनुष्य कोणी केले?

अमेरिकेची वारी करून आलेला मराठी माणूस यलोस्टोनविषयी बोलू लागला, की त्याच्या तोंडून दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. पहिले, 'निसर्ग कसा जसाच्या तसा राखला आहे!' आणि त्याच्या शेपटीला बांधलेले दुसरे, 'नाहीतर आपल्याकडे पाहा!' माझे भांडण या दोन वाक्यांशी आहे. पहिले खोटे आहे, आणि दुसरे त्या खोट्याच्या खांद्यावर उभे आहे. कोणी म्हणेल, सहलीहून परतलेल्या माणसाने दोन वाक्ये उत्साहाने उच्चारली तर एवढे रागावण्यासारखे काय आहे? तर त्याचे उत्तर असे, की या दुसऱ्या वाक्याची किंमत बोलणारा भरीत नाही. ती मेळघाटातल्या कोरकूला भरावी लागते. म्हणून पहिल्या वाक्याचा समाचार घेणे भाग आहे.

हे वाक्य माणसे घरून घेऊन जात नाहीत. ते त्यांना तिथे मिळते, आणि बहुधा गाइडकडून मिळते. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या दिरांकडे गेले असता मीही असाच एक गाइड ऐकला. बारा माणसांची गाडी, दोन दिवसांचा फेरा. मोठ्या बसच्या मानाने या लहान तुकडीच्या सहलीला पैसे पुष्कळ अधिक पडतात, आणि ते अधिकचे पैसे खुर्चीच्या गादीचे नसून ज्ञानाचे असतात. तुकडी लहान, म्हणजे प्रश्न विचारता येतात आणि उत्तर देणाऱ्याला सुटका नसते.

आमचा गाइड उमदा तरुण होता, आणि त्याला त्याचे शास्त्र येत होते हे मी आधीच सांगून टाकते. गीझर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे न्हाणीघरातली पांढरी टाकी येते. त्याने खरा गीझर कसा चालतो ते पाच मिनिटांत सांगितले. खाली तापलेला खडक, वरून मुरत गेलेले पावसाचे व बर्फाचे पाणी, आणि मध्ये एक अरुंद नळी. नळीतल्या पाण्याचे ओझे तळाच्या पाण्याला उकळू देत नाही. ते उकळण्याच्या पातळीपलीकडे तापत राहते. वरचे थोडे पाणी बाहेर सांडले की ओझे हलके होते, आणि तळचे पाणी एकदम वाफ होऊन सारा स्तंभ आभाळात फेकते. 'ओल्ड फेथफुल' हा सुमारे नव्वद मिनिटांनी उसळतो तो असा. जगात आज जागे असलेले निम्मे गीझर या एका उद्यानात आहेत. अस्वल दिसले तर शंभर यार्डांवर थांबा, गव्यासारख्या दांडग्या बायसनपासून पंचवीस यार्ड दूर राहा, फळ्यांच्या वाटेवरून पाय खाली ठेवू नका, हेही त्याने बजावले. वर्गात उभे राहून बोलणे हा माझा धंदा आहे. चांगला मास्तर मला ओळखता येतो.

परंतु मॅडिसनच्या संगमावर गाडी थांबली आणि या मास्तरने भूगोल मिटून इतिहास उघडला. १८७० साली वॉशबर्न यांच्या मोहिमेतील मंडळी इथे शेकोटीभोवती बसली, या भूमीचे तुकडे करून श्रीमंत होण्याचा मोह त्यांनी टाकला, आणि ती सर्व जनतेसाठी राखावी असा संकल्प सोडला; त्यातून १८७२ साली जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान जन्मले. आणि पुढे हळूच एक वाक्य: इथे तसे कोणी राहत नव्हते, आदिवासी या वाफांना भिऊन दूर राहत.

आता या 'कोणी राहत नव्हते'चा हिशेब पाहू. या भूमीवर माणसाचा वावर सुमारे अकरा हजार वर्षांचा आहे. उद्यानात प्राचीन वस्तीच्या व कामाच्या १,८०० हून अधिक जागा नोंदल्या गेल्या आहेत. 'ऑब्सिडियन क्लिफ' नावाचा काळ्या ज्वालामुखी काचेचा कडा आहे. तिथली काच काढून माणसे सुऱ्या व बाणांची टोके घडवीत, आणि तिथली काच शेकडो कोस दूर ओहायोतल्या प्राचीन मातीच्या टेकड्यांत सापडली आहे. शोशोनींपैकी तुकुदिका, म्हणजे रानमेंढ्या मारून खाणारे लोक, याच डोंगरांत राहत. मेंढ्यांची शिंगे ऊन झऱ्यांत मऊ करून ते त्यांची धनुष्ये बनवीत. झऱ्याला भिणारा माणूस झऱ्याचा असा उपयोग करीत नाही. बॅनॉक लोकांची शिकारीला जाण्याची वाट उद्यान आडवे कापून जाते. फार कशाला, यलोस्टोन हे नावदेखील मूळचे हिदात्सा लोकांचे. नदीला ते 'पिवळ्या दगडाची नदी' म्हणत, फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्याचे भाषांतर केले, आणि त्या भाषांतराचे इंग्रजांनी भाषांतर केले. जिथे माणसे नव्हती तिथे नाव कोणी ठेवले? आज २७ जमातींचा या भूमीशी संबंध असल्याचे उद्यानाचे सरकारी खातेच मान्य करते.

मग भीतीची गोष्ट आली कुठून? तिला गरज होती, म्हणून ती आली. १८७७ च्या ऑगस्टमध्ये नेझ पर्स जमातीची सातआठशे माणसे, बायकापोरांसह, या उद्यानातून पळत होती. सरकारने त्यांना त्यांच्या खोऱ्यातून हुसकले होते. ९ ऑगस्टला बिग होल येथे झोपलेल्या छावणीवर पहाटे फौज तुटून पडली होती आणि मेलेल्यांत बायकामुले पुष्कळ होती. पळता पळता त्यांची गाठ प्रवाशांच्या दोन लहान तुकड्यांशी पडली. एका तुकडीतल्या पुरुषाला गोळी लागली, पण तो जगला. बायकांना सोडून देण्यात आले. दुसऱ्या तुकडीतले दोघे मारले गेले. नेझ पर्स अखेर ५ ऑक्टोबरला कॅनडाच्या सरहद्दीपासून अवघ्या चाळीस मैलांवर शरण आले. त्या वर्षीच फिलीटस नॉरिस हे उद्यानाचे अधीक्षक झाले. त्यांना प्रवासी हवे होते, आणि प्रवाशांना हमी हवी होती. म्हणून दोन गोष्टी झाल्या. तुकुदिकांना विंड रिव्हरसारख्या राखीव वसाहतींत लोटण्यात आले, आणि आदिवासी गीझरांना भितात या कथेला अधीक्षकांनी मोठा हातभार लावला. आधी माणसे काढली, मग ती कधी नव्हतीच असे सांगितले. घर रिकामे करून घेणारा मालक भाडेकरूच्या नावाची पाटी काढतो, त्यातलाच हा प्रकार.

शेकोटीच्या कथेचेही तसेच. मी कादंबऱ्या लिहिते. फार नेटकी गोष्ट पाहिली की माझी शंका जागी होते. ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती मोहिमेतले एक गृहस्थ नॅथॅनिएल लँगफर्ड यांच्या रोजनिशीतून, आणि ती रोजनिशी छापली गेली १९०५ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी. उद्यानाचेच इतिहासकार ऑब्री हेन्स यांनी तिच्यावर शंका घेतली; पुढे पॉल शुलरी आणि ली व्हिटलसी यांनी २००३ साली तिच्यावर पुस्तकच लिहिले. शेकोटीपाशी आणखी कोण बसले होते हे कथेत येत नाही. तिथे नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे बसली होती. त्या रेल्वेचे सावकार जे कुक यांनीच लँगफर्डना यलोस्टोनवर व्याख्याने द्यायला लावले होते. आणि मोहिमेच्या रक्षणाला असलेल्या तुकडीचा प्रमुख लेफ्टनंट गुस्टाव्हस डोन बसला होता. त्याच वर्षीच्या २३ जानेवारीला मॉन्टानात मरायस नदीकाठी पिगन ब्लॅकफीट लोकांच्या छावणीवर जो हल्ला झाला, त्यात तो पुढे होता. निदान १७३ माणसे मारली गेली. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे, कित्येक देवीने आजारी. डोन त्याची फुशारकी जन्मभर मारीत राहिला. त्याच्या नावाने उद्यानात एक शिखर होते. ते नाव २०२२ साली पुसून त्याला 'फर्स्ट पीपल्स माउंटन' म्हटले गेले. दीडशे वर्षे ते शिखर दाखवले जात होते आणि ऐकणारे माना डोलावीत होते.

राहता राहिले 'जसाच्या तसा'. १९०२ साली उद्यानात जेमतेम दोन डझन बायसन उरले होते. ते तुकुदिकांनी संपविले नव्हते. तुकुदिकांना काढल्यानंतर चोरट्या शिकाऱ्यांनी संपविले. लांडगे १९२६ पर्यंत सरकारी माणसांनीच मारून निकालात काढले, आणि १९९५ साली कॅनडातून परत आणले. 'मॉर्निंग ग्लोरी' नावाच्या निळ्या तळ्यात प्रवाशांनी इतकी नाणी व कचरा टाकला, की त्याची तोंडे बुजून रंगच बदलला. आज वर्षाला ४० लाखांहून अधिक माणसे तिथे येतात. हजारो वर्षे राहणाऱ्यांनी जे बिघडविले नाही ते पाहायला येणाऱ्यांनी बिघडविले. आणि काढले गेले ते राहणारे.

आमच्या गाडीत दिरांचे एक स्नेही होते, मूळचे पुण्याचे, तीस वर्षे तिकडे असलेले. शेकोटीची कथा ऐकून ते मला म्हणाले, "वहिनी, आपल्याकडे हे जमायचे नाही. आपल्या जंगलात माणसेच घुसून बसली आहेत." माणूस सज्जन, पण शब्द पाहा: घुसून! वाघाच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला कोरकू घुसलेला, आणि शनिवारी जीप घेऊन येणारा तो पाहुणा. आपला वन्यजीव कायदा १९७२ चा, म्हणजे यलोस्टोननंतर बरोबर शंभर वर्षांनी आलेला. राष्ट्रीय उद्यान म्हणजे माणूस वजा जंगल, हे गणित त्याने तिकडूनच उचलले. मेळघाटातून गावे उठली ती याच गणिताने. संमतीशिवाय कोणाला हलवू नये हे आपल्या कायद्याने लिहिले ते २००६ साली. लिहिले हे चांगलेच झाले. पण संमती कागदावर अंगठा घेण्याइतकीच उरू नये असे वाटत असेल, तर 'घुसून बसलेले' हा शब्द आधी तोंडातून गेला पाहिजे.

याला एक खरा आक्षेप आहे, तो मी टाळीत नाही. बंधने नसतील तर गीझर मरतात. न्यूझीलंडमध्ये वैराकेई येथे १९५८ साली जमिनीखालच्या वाफेवर वीज निघू लागली आणि शेजारची गीझरांची दरी निवत गेली. तेव्हा यलोस्टोनमध्ये कोणाला विहीर खणू देत नाहीत हे योग्यच आहे. पण बंधन वेगळे आणि हकालपट्टी वेगळी. त्याच न्यूझीलंडात, रोटोरुआजवळ, व्हाकारेवारेवा नावाचे गाव आहे. तिथे माओरी लोक वाफांच्या मध्ये घरे बांधून राहतात, ऊन कुंडांत अन्न शिजवतात, आणि पाहुण्यांना गाव दाखवतात तेही तेच. १८८६ साली तारावेरा ज्वालामुखीने ज्यांची गावे गाडली ते तुहौरांगी लोक तिथे येऊन राहिले, आणि गाइडचा पेशा त्यांच्या घराण्यांत चालत आला. मॅगी पापाकुरा या तिथल्या गाइडबाईने आपल्या लोकांवर लिहिलेले पुस्तक १९३८ साली, तिच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. शहरातल्या कूपनलिकांनी पाणी ओढले तेव्हा गीझर मंदावले. १९८० नंतरच्या त्या दशकात सरकारने कूपनलिका बंद केल्या, गाव बंद केले नाही. गीझर सावरले. आणि आपल्या वज्रेश्वरीचे काय? उन्हेरे, उन्हवरे, उनपदेव ही नावेच सांगतात, की ऊन पाणी आणि माणसाची वस्ती यांचे वैर नाही.

दुसरा आक्षेप आळसाचा आहे: सहलीला जावे, आनंद घ्यावा, तिथे मढी कशाला उकरायची? माझे म्हणणे असे, की गाइडने काहीच सांगितले नसते तर मी गप्प बसले असते. कारंजे बोलत नाही. पण त्याने गोष्ट सांगितली, पैसे घेऊन सांगितली, आणि बारा माणसांनी ती खरी मानून घरी नेली. मास्तरने बोट दाखवले की मुले तिकडे पाहतात. म्हणून बोटाला जबाबदारी असते. शिवाय खरे सांगणे अशक्य आहे असेही नाही. ओल्ड फेथफुलच्या शेजारीच २०२२ पासून एक केंद्र आहे, जिथे त्या जमातींची माणसे स्वतः आपली हकीकत सांगतात. आमची गाडी त्याच्या दारावरून गेली. थांबली नाही, जेवायची वेळ झाली होती.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात जे जातील त्यांना एवढीच विनंती. लहान तुकडीचे तिकीट काढा, खुशाल काढा. ते कारंजे जन्मात एकदा पाहण्यासारखेच आहे. पण गीझर कसा उसळतो हे विचाराल तेव्हा त्याच दमात हेही विचारा: इथून कोणाला हलविले, कोणत्या साली, आणि त्यांची नातवंडे आज कुठे राहतात? चांगला गाइड रागावणार नाही. आणि परत आल्यावर कोणी तुम्हाला मेळघाटाविषयी 'तिकडे पाहा' असे ऐकविले, तर त्याला सांगा, की आम्ही तिकडे नीट पाहूनच आलो आहोत.