मोडलेले बोट आणि घरची शुश्रूषा

गिरगावातील किंवा लालबागेतील जुन्या चाळीत ज्यांचा जन्म गेला, त्यांना उंबरठ्याची ठेच आणि लोखंडी खाटेच्या पायावर आपटलेली करंगळी यांची सवयच झालेली असते. आणि म्हणूनच बोट टम्म सुजले, काळेनिळे पडले, तरी तेल-हळद लावून ते चोळायचे व ओढून बसवायचे, एवढ्यावर त्या दुखण्याचा निकाल लावण्याचा दस्तूर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तो मोडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मनुष्याच्या एका पावलात 26 हाडे असतात आणि त्यांतील 14 निव्वळ बोटांची. अंगठा वगळता अन्य बोटाचे हाड जागच्या जागी मोडले असेल, तर त्यास प्लास्टरची गरज बहुधा पडत नाही. ते घरच्या शुश्रूषेनेच सांधते. मात्र शुश्रूषा म्हणजे मालिश नव्हे. चोळल्याने मोडलेली टोके हलतात, सूज वाढते आणि सरळ असलेले बोटही वाकडे सांधण्याचा संभव निर्माण होतो. इलाज याहून साधा आहे. दुखरे बोट आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यात कापसाची पातळ घडी घालावी, कारण मुंबईच्या दमट हवेत एकमेकांस चिकटलेली कातडी दोन दिवसांत पांढरी पडून सोलू लागते. मग दोन्ही बोटे चिकटपट्टीने एकत्र बांधावी, पण इतकी आवळून नव्हे की टोके बधिर किंवा निळी पडतील. भिजलेली पट्टी तत्काळ बदलावी. पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटे लावावा, पडल्या पडल्या पाय उशीवर उंच ठेवावा आणि चालणे भागच असेल तर कडक तळाचे पादत्राण घालावे.

हाड सांधण्यास चार ते सहा आठवड्यांची मुदत लागते, आणि खरी अडचण येथेच आहे. नोकरदार पुरुषाला निदान रजेचा अर्ज करता येतो; परंतु पहाटे पाणी येताच कळशी घेऊन उठणारी, गॅलरीच्या टोकावरील सामायिक शौचकूपापर्यंत आणि लाकडी जिन्यावरून दिवसातून अनेकदा खेपा घालणारी गृहिणी कोणाकडे अर्ज करणार? तिच्या बोटाला पट्टी बांधून तिच्याच हाती पुन्हा कळशी देणाऱ्या कुटुंबाने तिची शुश्रूषा केली, असे मी मानणार नाही. पाणी भरण्याची, बाजारहाटाची तजवीज घरातील इतरांनी करणे हा औषधोपचाराचाच भाग आहे.

अंगठ्याची गोष्ट निराळी; पाऊल पुढे टाकताना शरीराचा भार त्याच्यावर येतो, सबब तेथे क्ष-किरण तपासणीची हयगय नको. बोट वाकडे दिसत असेल, जखम उघडी असेल किंवा बधिरपणा जाणवत असेल, तरीही घरी थांबू नये. परळला 1926 सालापासून के. ई. एम. इस्पितळ उभे आहे. दादर, लालबागच्या रहिवाशांस ते दूर नाही. मधुमेह्यांनी तर विशेष सावध राहावे, कारण दीर्घकाळच्या या व्याधीत पायाची संवेदना मंदावते आणि बोट मोडूनही वेदना जाणवत नाही. तेव्हा ज्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे, त्या घरातील मंडळींनी, तो दुखत नाही म्हणत असला तरी, बोट सुजल्याचे दिसताच त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.