‘लिहायलोय’ म्हटलं तर काय बिघडलं?

परवा दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. गाव लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यातलं. वर्षभर आमच्याकडे वाघोलीत शिकायला असलेला भाचाही बरोबर होता. रात्री जेवताना माय त्याला म्हणाली, “लेकरा, काय इचार करायलास? भाकर खा की.” पोरगं पटकन म्हणालं, “आजी, करायलास नाही, करतोयस म्हणायचं. असं नसतं बोलायचं.”

माय हसली. मग गप्प झाली. पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी मोजूनमापून बोलत होती. शब्द निवडून. सत्तरी ओलांडलेली बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपुढं, अकरा वर्षांच्या नातवासमोर चुकायला नको म्हणून बिचकत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हे पोराला शिकवलं कुणी, ते मला ठाऊक होतं.

झालं होतं असं. वाघोलीतल्या शाळेत (नाव सांगत नाही, त्यानं काही साधणार नाही) पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावरचं उतरवून झालं का विचारलं. हा उभा राहून म्हणाला, “सर, मी अजून लिहायलोय की!” वर्ग हसला. वर्ग हसला याचं मला काही नाही, पोरं हसतातच. पण सरही हसले, आणि म्हणाले, “आधी मराठी शिकून ये.” त्यानंतर महिनाभर हे पोरगं वर्गात बोललं नाही. घरी आम्ही काय केलं? मी शाळेत जाऊन भांडलो का? छे! मी रोज रात्री जेवताना त्याची भाषा ‘सुधारायला’ बसलो. लिहायलोय नाही, लिहितोय. जायलोय नाही, जातोय. पोरगं हुशार, दोन महिन्यांत शिकलं. आम्हाला कोण आनंद!

म्हणजे सरांनी जे एकदा केलं, ते मी साठ वेळा केलं. असो.

आता मुद्द्यावर येतो. सगळ्या शाळांच्या भिंतींवर हल्ली लिहिलेलं असतं की प्रत्येक मूल वेगळं आहे, प्रत्येक फूल वेगळं आहे वगैरे. गॅदरिंगला पोरांना धोतर-फेटा नेसवून, डोक्यावर टोपली देऊन शेतकरी करतात. टाळ्या पडतात. आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या शेतकऱ्याचा पोरगा खऱ्या शेतकऱ्यासारखा बोलला की त्याला खाली बसवतात. वेगळेपण पोशाखात असलं तर कौतुक, तोंडात असलं तर चूक! हे ढोंग नाही तर काय आहे?

आणि हे वाघोलीत व्हावं याची मला जास्त चीड आहे. कारण वाघोलीएवढी बाहेरगावच्या लेकरांची सवय पुण्यात फार थोड्या ठिकाणांना असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. त्यानंतर भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली, आणि त्यांच्यासाठी वाघोलीत शैक्षणिक पुनर्वसन संकुल उभं राहिलं. पुढे तिथं मेळघाटातली, ठाणे जिल्ह्यातली आदिवासी मुलं आली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं आली. इकडे वाघोलीच्या दगडखाणींवर राबणाऱ्यांच्या मुलांसाठी संतुलन संस्थेनं नव्वदच्या दशकात पाषाण शाळा सुरू केल्या. आज जिकडे बघावं तिकडे टॉवर आहेत आणि २०२१ पासून आम्ही महापालिकेतही आहोत, पण ह्या गावाची ओळख अर्धी त्या खाणींनी आणि अर्धी त्या लेकरांनी घडवली आहे.

जरा विचार करा, ही मुलं काय काय बोलत आली असतील. मेळघाटचं पोर घरी कोरकू बोलतं. कोरकू म्हणजे ‘बिघडलेली मराठी’ नव्हे. तिचं मराठीशी नातंच नाही, ती मुंडा कुळातली वेगळी भाषा आहे. वडारांची घरातली बोली तेलुगूच्या जवळची. म्हणजे हे पोर शाळेत पाय ठेवतं तेव्हाच त्याला एक अख्खी भाषा येत असते, आणि दुसरी ते शिकायला आलेलं असतं. आपण मात्र त्याच्या वहीवर फक्त दुसऱ्या भाषेतल्या चुका मोजतो. पहिलीचे मार्क कुणी द्यायचे?

“अहो, पण प्रमाण मराठी यायला नको का? परीक्षा कशी देणार? नोकरी कशी लागणार?” आमच्या घरातलेच दोघंतिघं हे विचारणार, म्हणून आधीच उत्तर देतो. यायलाच पाहिजे! पेपर प्रमाण मराठीतच लिहिला पाहिजे, त्यात सूट नको. पण नवीन शर्ट देताना अंगावरची कातडी सोलून काढत नाहीत. “शाळेच्या वहीत असं लिहितात, आणि तुझ्या आजीकडं असं बोलतात, दोन्ही तुला आलं पाहिजे,” एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पोरांना ते लगेच कळतं. क्रिकेटचे नियम कबड्डीला लावत नाहीत, एवढी अक्कल त्यांना असतेच.

आणि ‘लिहायलोय’ चूक आहे हे ठरवलं कुणी? करायलोय, जायलोय, खायलोय, सगळं अगदी नियमाप्रमाणं चालतं, आमच्याकडचं तीन वर्षांचं पोर त्यात चुकत नाही. सरांचं ‘लिहितोय’ तरी पुस्तकी कुठं आहे? तेही ‘लिहितो आहे’चं बोलताना आखडलेलं रूप. फरक एवढाच की ते पुण्यात आखडलं आणि आमचं लातुरात.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी एकमेकांना किती मेसेज पाठवले! तो दर्जा कशाच्या जोरावर मागितला होता? गाथासप्तशती पुढे केली, ती पैठणच्या सातवाहनांची. लीळाचरित्र पुढे केलं, त्याचा जन्म रिद्धपूरचा, म्हणजे ज्या अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे त्याच जिल्ह्यातला. ज्ञानेश्वर आपेगावचे, एकनाथ पैठणचे, जनाबाई गंगाखेडची. दाखवा बरं ह्यात सदाशिव पेठ! पुरावा द्यायची वेळ आली की मराठवाडा आणि विदर्भ, आणि तिथलं लेकरू वर्गात बोललं की “आधी मराठी शिकून ये”?

दूर कशाला, बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी १९५२ साली, त्या गेल्यावर पुस्तकात आली, आणि खानदेशच्या त्या बोलीसकट आपण ती डोक्यावर घेतली. आमच्या लातूरच्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकात छापली की साहित्य, आणि पोराच्या तोंडून आली की गावंढळ! हिवाळ्यात ह्याच नगर रस्त्यानं पैसे मोजून हुरडा खायला जायचं, शेतावर बाजेवर बसून फोटो काढायचे, आणि ज्या माणसानं तो हुरडा भाजला त्याच्या बोलण्याची परतीच्या गाडीत नक्कल करायची. आपल्याला हुरडा पाहिजे, बोली नको.

कायद्याचंच म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात लिहिलं आहे की शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं आणि मुलाला भीतीपासून मुक्त ठेवावं. महिनाभर तोंड न उघडणारं मूल भीतीपासून मुक्त होतं असं कुणी म्हणू शकेल का?

मला वाटतं, “तू वेगळा आहेस, त्याचा अभिमान बाळग” असं सांगून कुठल्याच मुलाला अभिमान वाटत नाही. ज्याला ते मानतं अशा मोठ्या माणसाला त्याच्या वेगळेपणाची गरज पडली, की मगच वाटतो. सरांनी त्या दिवशी एवढंच विचारलं असतं, “तुमच्याकडं ह्याला काय म्हणतात रे?” तर तिफण म्हणजे काय, वखर कशाला लागतो, कडबा कसा रचतात, हे त्या पोरानं सगळ्या वर्गाला सांगितलं असतं. कोरकू पोरानं एका झाडाचं नाव सांगितलं असतं. पंधरा मिनिटांचं काम. खर्च शून्य. ना पोस्टर लागतं, ना गॅदरिंग.

शेवटी एक कबुली देतो. आमच्याकडं आईला माय म्हणतात. मी शिकायला पुण्यात आलो तेव्हा पहिल्या वर्षी ती मला भेटायला आली होती. मित्रांसमोर मी तिला “आई” अशी हाक मारली. तिनं क्षणभर मागं वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. अक्का, तुलाही नाही. तेव्हा मला कुणी तसं कर म्हणून सांगितलं नव्हतं, मला आपोआप कळलं होतं. शाळा आणि शहर हे असं न सांगता शिकवतात, म्हणून त्याच्या उलटं मात्र मुद्दाम सांगावं लागतं.

परत आल्यावर मी भाच्याला सगळं सांगितलं. माझं चुकलं हेही सांगितलं. तो काही बोलला नाही. काल संध्याकाळी गावाकडनं फोन आला तेव्हा मी आत होतो. बाहेर तो ओरडून सांगत होता, “आजी, मी जेवायलोय! दहा मिनिटानं लाव!”

मी मध्ये बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेत पालकसभा आहे. ह्या वेळी तिथं मात्र बोलणार आहे. तुमच्या घरातही असं एखादं लेकरू असेल तर तुम्हीही बोला.