काही न घडण्याचे श्रेय

युद्धाच्या इतिहासात लहान नौकांच्या वाट्याला बहुधा एखादीच ओळ येते. ‘बेंगाल’ या माइनस्वीपरला दोन-चार ओळी अधिक मिळाल्या, त्याही एका दिवसामुळे.

पाणसुरुंग काढण्यासाठी व जहाजांना सोबत करण्यासाठी रॉयल इंडियन नेव्हीने ऑस्ट्रेलियात चार नौका बांधून घेतल्या. त्यांतली 186 फूट लांबीची बेंगाल ऑगस्ट 1942 मध्ये सिडनीत सेवेत दाखल झाली. हिंदुस्थानकडे येताना ‘ओन्डिना’ हे डच तेलवाहू जहाज तिच्या सोबतीला होते. 11 नोव्हेंबर रोजी होकोकु मारू व आयकोकु मारू ही दहा हजार टनांहून मोठी सशस्त्र जपानी जहाजे समोर ठाकली. बेंगालजवळ मुख्य शस्त्र म्हणजे एक तीन इंची तोफ! तरीही ओन्डिनाला निसटता यावे म्हणून ती शत्रूवर चालून गेली. होकोकु मारू बुडाले. बेंगाल व ओन्डिना दोन्ही अखेर बंदराला लागल्या. निर्णायक गोळा कोणाचा, हा वाद मात्र पुढे चालूच राहिला.

हा पराक्रम थोरच. पण माइनस्वीपरचे नित्याचे काम कसे असते? मागे तारेचा दोर सोडून संथपणे पाणी विंचरत जायचे, सुरुंगाचा नांगरदोर कापायचा, वर आलेला सुरुंग गोळ्या झाडून निकामी करायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मागून येणारे जहाज सुखरूप जाते, आणि आपण कोणामुळे वाचलो याचा त्याला पत्ताही नसतो. हे काम उत्तम झाले की काहीच घडत नाही. आणि जे घडलेच नाही त्याची बखर कोण लिहिणार?

कोणी म्हणेल, ती लढाई झाली नसती तर बेंगालचे नाव तरी कोणाला ठाऊक असते? खरे आहे. पण हा दोष त्या नौकेचा की आपल्या स्मरणशक्तीचा? स्वातंत्र्यानंतरही भारतीय नौदलात राहून ती 1960 मध्ये निवृत्त झाली. अठरा वर्षांच्या त्या सेवेतला एक दिवस आपण जपला.

त्या आरमारात रत्नागिरीकडचे अनेक खलाशी होते. त्यांच्या घरांतील ट्रंकांमध्ये सेवापुस्तके, पेन्शनचे कागद अजून असतील. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी सुटीत ते शोधून त्यांच्या नकला कराव्यात, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. वाळवी आपल्या परीक्षा संपेपर्यंत थांबत नाही.