जबड्याचे दुखणे आणि दाढ काढण्याची घाई

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे हलते तो जबड्याचा सांधा. त्यात कूर्चेची एक छोटी चकती असते. ती जागची सरकली की ‘कट्’ असा आवाज येतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर उपचाराची गरज नाही.

दुखू लागले की गोंधळ होतो, कारण कळ कानात, कानशिलात, दाढेतही जाणवते. भोर-वेल्ह्याकडचे बरेच रुग्ण आधी कानात थेंब घालतात, मग दाढ काढून टाका म्हणतात. किडलेल्या दाढेवर उपचार हवेतच. पण चांगली दाढ काढली तर ठणका राहतो आणि दाढ मात्र जाते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की दात घासून चावा जुळवणे, दात काढणे, शस्त्रक्रिया असे परत न फिरवता येणारे उपाय सुरुवातीला करूच नयेत.

बहुतेकांना साध्या उपायांनी काही आठवड्यांत आराम पडतो. आंबेमोहराचा मऊ भात, आमटीत कुस्करलेली भाकरी खा. ऊस, चिक्की, सुपारी बंद. ओल्या फडक्याने गरम शेक घ्या. जांभई देताना हनुवटीखाली हात धरा. एरवी ओठ मिटलेले असावेत, पण वरचे-खालचे दात टेकलेले नसावेत. (आत्ता तुमचे टेकलेत का, बघा.) झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर दातांचे डॉक्टर माप घेऊन स्प्लिंट बनवून देतात. ती काढून ठेवता येते, म्हणून मला ती पटते.

तोंड हळूहळू कमी उघडू लागले, तिखट झोंबते, गाल आतून कडक लागतो, तर दोष बहुधा सांध्याचा नसून सुपारी-गुटख्याचा असतो. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. या आजारातून पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर पुण्यातल्या दंत महाविद्यालयात दाखवा. सातारा रस्त्याने जाणाऱ्यांना धनकवडीचे भारती विद्यापीठ सोयीचे.

आणि चढ चढताना जबडा दुखतो, थांबल्यावर राहतो, असे असेल तर दातांच्या दवाखान्यात जाऊ नका. त्याच दिवशी ईसीजी काढा. सोबत घाम सुटला किंवा दम लागला, तर 108 ला फोन करा.