वही आणि वल्हें

दरवर्षीं आपल्या शाळेंतून कांहीं हुशार मुलें-मुली पुढें अभियांत्रिकीच्या नामांकित विद्यालयांत जातात. त्यांस निरोप देतांना घरचीं वडील माणसें बहुधा एकच उपदेश करितात : "चार वर्षें कोणाच्या नादीं लागूं नकोस, आपण बरे आणि आपलें पुस्तक बरें." हा उपदेश मायेचा आहे यांत शंका नाहीं. परंतु तो अपुरा आहे, आणि कधीं कधीं घातकही ठरतो, असें माझें नम्र मत आहे.

अशा विद्यालयांत काय घडतें तें पाहूं. शाळेंत जो सदैव पहिला आला, त्याला तेथें प्रथमच उमगतें कीं, वर्गांतील सर्वच जण आपापल्या गांवचे पहिले आहेत. वासरांत लंगडी गाय शहाणी, या म्हणीचा अर्थ त्याला पहिल्या सहामाहींतच कळतो. गणितांत किंवा यंत्रशास्त्रांत गुण घसरले, कीं ज्यानें आपला सारा मान गुणांवर उभारला त्याच्या पायाखालची जमीन सरकते. घरीं सांगावें तर लाज वाटते. शेजारच्या खोलींतील मुलाशीं ओळखच केलेली नसते. मग तो दार लावून अधिक वाचतो, झोप तोडतो, आणि थकलेल्या डोक्यानें पुन्हां चुकतो. अशा मुलाचा खरा शत्रु कठीण विषय नव्हे, एकटेपणा होय.

ही गोष्ट कठोर अभ्यासासाठीं प्रसिद्ध असलेल्या संस्थांनींही ओळखली आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्राच्या विख्यात संस्थेनें १९६८ मध्यें पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस नेहमींच्या श्रेणी देणें थांबविलें. आज ही सवलत पहिल्या सहामाहीपुरती आहे : उत्तीर्ण विषयापुढें 'उत्तीर्ण' एवढीच नोंद होते, आणि अनुत्तीर्ण झालेला विषय बाहेर जाणाऱ्या गुणपत्रकांत दिसतच नाहीं. नव्या मुलाला रुळावयास, माणसें जोडावयास व चुकावयासही कांहीं अवकाश हवा, हेंच यामागील तत्त्व.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण पुण्याचें आहे. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १८५४ सालीं झाली. २०२२ मध्यें त्यास तंत्रशास्त्र विद्यापीठाचें रूप आलें. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्यें तेथूनच अभियंते होऊन बाहेर पडले. तेथील अभ्यास सोपा आहे असें कोणीही म्हणणार नाहीं. तरीही त्या विद्यालयाचा स्वतःचा नौकाक्रीडा मंडळ आहे, आणि 'रेगाटा' नांवाचा नौकांचा उत्सव तेथें १९२८ पासून चालत आला आहे. वह्या, नकाशे आणि कार्यशाळा सांभाळून विद्यार्थी नदीवर वल्हीं मारण्याचा सराव करितात.

हा वेळेचा अपव्यय काय? शर्यतीची नाव पाहा. वल्हेकरी पुढें तोंड करून बसत नाहींत. नाव ज्या दिशेस जाते तिकडे त्यांची पाठ असते. आठ जणांच्या नावेंत पुढचें पाणी दिसतें तें केवळ सुकाणू सांभाळणाऱ्यास. त्याच्यावर विश्वास ठेवल्याशिवाय गति नाहीं. आठांपैकीं एकच जण फार बलवान असून ताल सोडून वल्हें मारूं लागला, तर नाव वेगानें न जातां डगमगते. आणि वल्हें पाण्याबाहेर येतें तो क्षणही फुकट जात नाहीं. तें पाण्यांतच रुतून राहिलें तर नाव अडते. पूल असो वा धरण, अभियंत्याचें कोणतेंही काम एकट्याच्या हातून होत नाहीं. मग सोबतीनें काम करण्याचें शिक्षण त्याच्या अभ्यासाबाहेरचें कसें म्हणावें?

याची दुसरी बाजू मीं विसरलों नाहीं. कित्येक पालक कर्ज काढून मुलांस शिकवितात. रोज मध्यरात्रीपर्यंत चहाच्या टपरीवर रंगणारा कंपू, एकाच वेळीं पांच मंडळांचें सभासदत्व, किंवा हातांतील मोबाइलवर चालणाऱ्या अखंड गप्पा, यांस मी सोबत म्हणत नाहीं. माझें म्हणणें इतकेंच : एक खेळ किंवा एक कला निवडावी आणि तिची वेळ ठरवावी. उदाहरण प्रथम स्वतः सोडवून पाहावें, अडल्यास मित्रास विचारावें, आणि आपणांस जें येतें तें दुसऱ्यास समजावून द्यावें. झोप विकून गुण घेऊं नयेत. अपयश आलें तर त्याच आठवड्यांत कोणा शिक्षकास वा मित्रास तें सांगावें.

सहा दिवस श्रम आणि सातवा दिवस विसाव्याचा, ही शिकवण आपण आपल्या शाळेंत लहानपणापासून ऐकत आलों आहों. विसावा हा श्रमाचा शत्रु नसून त्याच्याच नियमाचा एक भाग आहे, हा तिचा अर्थ. शाळा सुटली म्हणून ती विसरूं नये.

पालकांस शेवटीं एक विनंती आहे. मुलाचा किंवा मुलीचा दूरध्वनि आला म्हणजे "गुण किती पडले?" हें अवश्य विचारा, पण त्याआधीं "आज जेवतांना सोबत कोण होतें?" एवढें विचारा. त्या प्रश्नास उत्तर देतांना मूल अडखळलें, तर गुणांचा प्रश्न त्या दिवशीं राहूं द्या, आणि शक्य तितक्या लवकर जाऊन त्यास भेटा.